अडीच फुटांची चर

सकाळी चुन्याची रेघ मारली तेव्हा तिच्यावर काही नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी रोवलेल्या विजेच्या खांबापासून ती निघाली, आवाराच्या भिंतीखाली शिरली आणि अंगणाच्या डाव्या अंगानं सरळ येऊन घराला भिडली. महालिंगप्पा पूजा आटोपून, कपाळावरची विभूती वाळायच्या आत बाहेर आले, तोवर रेघेवर एक बाज आडवी पडली होती. बाजेला शेवयांचा पाट टेकवलेला, आणि त्यांची थोरली सून गंगम्मा बाजेवर बसून पाटावर कणकेची वळी घासत होती. शेजारी गोधडीवर तिचा तान्हा पाय उडवत होता.

कुदळ-फावडी घेतलेले गडी लिंबाच्या सावलीला उभे होते.

“बलभीम, हात मोडले का रे तुझे?”

“न्हाय धनी. वयनीसाब बसल्यात तितं.”

“मग उठा म्हणावं.”

“म्हणलं की. उठंनात.”

महालिंगप्पा सुनेशी थेट बोलत नसत. गंगम्मा या घरात आल्यापासून त्यांनी तिला जे काही सांगितलं ते बायकोच्या तोंडून, मधे भिंत असो वा नसो. आताही त्यांनी घराकडं तोंड करून हाक मारली.

“अगं ए! एवढं आवार पडलंय, शेवयाला हीच जागा घावली का, इचार तिला.”

इरम्मा ओल्या हातांनी पडवीत आली. “का गं, इथंच का?”

“इथं ऊन चांगलंय, आत्याबाई.”

“ऊन चांगलंय म्हणती.”

“मी काय बहिरा हाय?” महालिंगप्पा असे ओरडले की तान्ह्याचे पाय थांबले.

त्यांच्या डोक्यात सोलापूर होतं. धाकट्या मल्लिकार्जुनाची सोयरीक सोलापुरात ठरली होती. सुपारी फोडायला गेले तेव्हा व्याह्यांनी जेवता जेवता भिंतीवरचं बटण दाबून दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला. “तुमच्या निजामाच्या मुलखात अजून कंदीलच असतील, नाही का?” असं हसत हसत विचारलं. महालिंगप्पांनी हातातला घास ताटात परत ठेवला. त्यांनी तिथल्या तिथं शब्द दिला, मांडवात वीज असेल. मग गावातल्या पावरहाऊसचे उंबरे झिजवले. लढाई संपून वर्ष उलटलं तरी तारा मिळत नव्हत्या, दरखास्ती नुसत्या पडून होत्या. त्यातून त्यांनी शिशाच्या केबलचा एक तुकडा मंजूर करून आणला. करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावरून सुटलेला तो तुकडा अंगणात वेटोळं घालून पडला होता, आणि घरातली मांजरं त्याला वळसा घालून जात होती.

तार वरून घेता आली असती तर खणायचा प्रश्नच नव्हता. पण या गल्लीतून यात्रेच्या उंच काठ्या जातात, मोहरमचे ताबूत जातात. गल्लीवर आडवी तार नको म्हणून पंचांनी तहसीलदाराकडून हुकूम आणला होता, आणि पंचांत सगळ्यांत मोठा आवाज महालिंगप्पांचाच होता. यात्रेतल्या काठीचा पहिला मान त्यांच्या घराचा.

पावरहाऊसचे ओव्हरसियर दस्तगीरसाहेब सायकल भिंतीला लावून आत आले. त्यांच्या हातात खुणा केलेली लोखंडी सळई होती. त्यांनी बाज बघितली, शेवया बघितल्या, आणि महालिंगप्पांकडं बघितलं.

“सेठ, अजून कुदळ नाही लागली?”

“लागतीच की. बाईमाणूस हाय, उठंल.” महालिंगप्पा खाकरले. “साहेब, तेवढ्या बाजेला वळसा घालून घेतली तर?”

“नाही जमत. तांब्याच्या तारेवर कागद गुंडाळलाय, कागदावर शिसं. कोपरासारखी मुडपली की शिसं तडकतं, आत पाणी शिरतं, मग तुमच्या घरात दिवा न्हाय, धूर होतो. आणि वळशाला जास्तीची केबल कुठनं आणू? सरळ लाईन मोजून मंजूर केलीय. जमिनीत जोड चालत नाही.”

“मधून घेऊ.”

“मधे तुमचं पेव आहे सेठ. ज्वारीच्या खड्ड्यात केबल लोंबकळत सोडू का?” दस्तगीरसाहेब हसले, पण लगेच सळई जमिनीवर टेकवून एकेक नियम पुन्हा सांगायला लागले. चर मालकानं खोदायची, केबल पावरहाऊसची माणसं टाकणार. अडीच फूट खोल, कुठंही कमी नको. खाली वाळू, वर विटा, मग माती. मीटर बाहेरच्या भिंतीवर, म्हणजे वाचणाऱ्याला बायामाणसांच्या घरात शिरावं लागू नये. केबलवर पुन्हा काही बांधायचं नाही, दगड रचायचा नाही, कधी बिघाड झाला तर उकरता आलं पाहिजे. “आणि मी बघायच्या आत बुजवली तर परत उकरायला लावीन, ते आत्ताच सांगतो. सांजच्याला मुआयना, मी येऊन तपासणार. आज चर उघडी नसंल तर हा तुकडा जिनिंगवाल्यांकडं जाईल. त्यांची दरखास्त तुमच्या मागोमाग आहे.”

“जिनिंगवाल्यांकडं!” महालिंगप्पांच्या कपाळावरची शीर उठली.

पाटावरचे हात थांबले. गंगम्मानं मान वर केली.

“उजवीकडून घ्या की,” ती म्हणाली. “काल उजवीकडूनच मापत होता ना तुमी?”

सगळ्यांच्या नजरा तिकडं गेल्या. उजवीकडं महालिंगप्पांच्या वडलांची गद्दुगी, त्यांना पुरलं तिथली समाधी, होती.

* * *

काल गंगम्मा पडवीच्या खांबाआडून सगळं बघत होती. दोरी आधी उजवीकडंच ताणली होती. ती शरणबसप्पांच्या समाधीच्या चौथऱ्याजवळून गेली आणि पायरीच्या दगडावर टेकली. मामंजी एवढंच म्हणाले, “माझ्या बापाच्या पायरीला कुदळ लागणार न्हाय.” दस्तगीरसाहेबांनी लगेच कानाला हात लावला, दोरी सोडली आणि डावीकडं नेऊन बांधली. एवढ्यात झालं. डावीकडं काय आहे, असं कुणीही विचारलं नाही. नवऱ्यानं दोरीचं टोक धरलं होतं, त्यानंही नाही.

ती जागा गंगम्माला हातांनी ठाऊक होती. अंगण सारवताना तिथं आली की तिचा हात आपोआप हलका व्हायचा. तिथं दगड नाही, काही नाही. घरात पुढं पोरं व्हायची आहेत, खूण नको, असं मामंजींनी बाजाराहून आल्यावर आत निरोप पाठवून सांगितलं होतं. पहिल्या बाळंतपणाची मुलगी तिथं पुरली होती. नाव ठेवायच्या आधीच गेली. तिच्या गळ्यात इष्टलिंग बांधलं होतं, त्याचा दोरा मोठा झाला म्हणून गंगम्मानं त्याला गाठ मारून लहान केला होता. ती गेल्यावर दूध काही केल्या आटेना. चोळ्या भिजायच्या, ताप चढायचा. इरम्मानं सांगितलं, भिंतीकडंला पिळून टाक जा. ती दिवस कलला की जायची, आणि भिंतीकडंला न टाकता त्या जागेवर टाकायची. माती पिऊन घ्यायची. एवढी गोष्ट तिनं कुणालाही सांगितली नव्हती.

“वयनी.” मल्लिकार्जुन बाजेशी येऊन उकिडवा बसला. हैदराबादेला कॉलेजात शिकून आलेला, डोक्यावर टोपी न घालणारा, घरातलं एकटं माणूस जे तिच्याशी थट्टामस्करी करायचं. “अशा भर उन्हात माझ्या लग्नाच्या शेवया करपवता व्हय?”

“तुमच्या लग्नाला करपलेल्याच बऱ्या, भाऊजी.”

त्यानं पडवीतल्या आईकडं बघून आवाज खाली केला. “मला अव्वानं आत्ता सांगितलं. मला ठाऊक नव्हतं, शपथ. आपण असं करू. जंगम अय्यांना बोलावू, विधीनं काढू, मळ्यात नेऊन नीट बसवू. चौथरा बांधू. हैदराबादेत तर रस्त्यासाठी कबरीसुद्धा…”

“काढू म्हंजे?”

“म्हणजे… उचलू.”

“कशात उचलता?” गंगम्मा म्हणाली. तिच्या आवाजाला धार आली होती, पण हात कणकेवरच होता. “टोपल्यात? का घमेल्यात? तुमच्या बाशिंगाचा डबा न्हाय तो भाऊजी, ह्या कोनाड्यातला त्या कोनाड्यात ठेवायला.”

मल्लिकार्जुनाचा चेहरा लाल झाला. “मग काय म्हणणं हाय तुमचं? वीज नकोच? एका… इतकं जुनं झालेलं धरून सगळ्या घराला अंधारात बसवायचं?”

“आजेसासऱ्यांना जाऊन किती वर्सं झाली?”

“त्यांचं वेगळं हाय.”

“का?”

तो उठला, धोतर झटकलं आणि बापाकडं जाऊन मोठ्यानं म्हणाला, “अप्पा, मला नकोय वीज. कंदिलात लावा माझं लग्न. रोजची कटकट!”

“तुझ्यासाठी कोन आनतंय?” महालिंगप्पा गरजले. “मी शब्द दिलाय! माझ्या तोंडाला काळं फासायला निघालेत सगळे. शंकर! शंकऱ्या कुठं मेला?”

* * *

शंकरप्पा पेवाच्या तोंडावर बसून वाळूच्या गोण्या मोजत असल्याचं सोंग करत होता. बाप हाक मारणार हे त्याला माहीत होतं.

“नवरा हायेस ना तिचा? का मी जाऊन हाताला धरून उठवू, गावाला दिसंल असं?”

“बघतो अप्पा.”

“बघू नको. उठव!”

शंकरप्पा उन्हातून चालत गेला. बायको त्याच्याकडं बघत नव्हती. वळीचे बारीक तार तिच्या तळहाताखालून सुटून काठीवर पडत होते, सगळे एकसारखे. तिचा राग असाच असायचा, हातातलं काम अजून नेटकं व्हायचं.

“ऊठ गंगा. साहेब थांबलेत.”

“बसू द्या की त्यांना. पडवीत सतरंजी हाय.”

“सगळ्यांच्या पुढं शोभा करतीस.”

“व्हय.”

पोर रडायला लागलं. त्यानं वाकून त्याला उचललं, खांद्यावर घेतलं. पोराला घेतल्यावर काय बोलायचं ते अवघड झालं. समोर साधी सारवलेली जमीन होती. पोरगी गेली तेव्हा पावसाळ्याचे दिवस होते, तो, अप्पा आणि मल्लिकार्जुन बार्शीच्या बाजाराला गेले होते, ओढ्याला पाणी आलं म्हणून अलीकडं येता येईना. आला तेव्हा घरात पाळणा दोर काढून उभा करून ठेवला होता. अव्वा म्हणाली, “झालं ते झालं, जेवून घे.” तो जेवला. त्यानंतर विचारायचं राहिलं. आज विचारू, उद्या विचारू, असं करता करता ते विचारणंच अवघड होऊन बसलं, आणि मग हा मुलगा झाला, सगळे हसायला लागले.

“इथंच का?” त्यानं विचारलं.

गंगम्माचा हात थांबला. तिनं त्याच्याकडं बघितलं, आणि त्या नजरेपुढं शंकरप्पाला पोर घट्ट धरावंसं वाटलं.

“बायको मेली तर दुसरी करताना तरी पहिलीची चौकशी करतात,” ती म्हणाली. “तुमी आज इचारताय. का, तर कुदळ कुठं मारायची ते कळावं म्हणून.”

“तसं न्हाय गं…”

“मग कसं?”

तो मग मागं वळला आणि पोराला घेऊनच बापाकडं चालत गेला.

“मी उठवणार न्हाय तिला,” तो म्हणाला.

महालिंगप्पांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “काय म्हनलास?”

“गडी लावा, नायतर तुमी सोता उठवा. मी न्हाय.”

उभ्या आयुष्यात शंकरप्पानं बापाला न्हाय म्हटलं नव्हतं. कापसाचा भाव असो, मिरजेची शाळा सोडायची असो, बायको बघायची असो, त्यानं मान हलवली होती. महालिंगप्पांचा हात वर गेला. मुलाच्या खांद्यावर नातू होता म्हणून तो तिथंच थांबला, आणि मग त्या हातानं त्यांनी आपल्याच पागोट्याला झटका दिला.

* * *

इरम्मा पडवीत उभी राहून हे बघत होती आणि सगळ्यांवरच चिडली होती.

सुनेवर जास्त. लग्नघरात, हळद दळायच्या दिवसांत, मेलेलं वर काढायचं? देव तरी काय म्हणेल? नवीन सून अजून उंबरठ्यावर यायची आहे. ती दणादण पायऱ्या उतरली.

“बास कर आता, गंगे. एक ल्योक दिलाय न्हवं देवानं? त्याचं बघ. का त्याच्यावर सावली पाडतीस?”

गंगम्मा उठून उभी राहिली. पीठ लागलेले हात तिनं पदराला पुसले नाहीत. ती इरम्माच्या बाजूनं पुढं झाली आणि पहिल्यांदाच सासऱ्याच्या समोर, थेट त्यांच्याशी बोलली.

“मामंजी, मला सांगा. आत्याबाईला नको. मी इथंच हाय.”

महालिंगप्पांनी तोंड फिरवलं.

“साहेब, चर किती खोल पायजे म्हणला?” गंगम्मानं विचारलं.

“अडीच फूट, बहनजी,” दस्तगीरसाहेब खालच्या आवाजात म्हणाले. त्यांना एव्हाना कळलं होतं. ते टोपी काढून हातात घेऊन उभे होते.

“आन आजेसासरे किती खोल बसलेत, मामंजी? तुमीच सांगता ना पावण्यांना.”

ते सांगायचेच. बसवराज नावाचा एक जुना गवंडी होता, त्यानं खणलेला खड्डा. उतरायला शिडी लावावी लागली. तळाला पायरीच्या बाजूनं कोनाडा कोरला आणि त्यात शरणबसप्पांना मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन, जिवंत माणसाला बसवावं तसं बसवलं. वर विभूतीची पोतीच्या पोती. एवढी खोल गद्दुगी पंचक्रोशीत नाही, हे महालिंगप्पा प्रत्येक यात्रेला पाहुण्यांना चौथऱ्यापाशी नेऊन सांगायचे.

“माणूसभर आन वर अजून,” गंगम्माच म्हणाली. “तुमची तार त्येंच्या डोस्क्यावरनं किती वर राहती बघा. त्येंच्या पागोट्यालासुदिक धक्का लागायचा न्हाय. एक पायरीचा दगड तेवढा उचलायचा हाय. आन माझी लेक किती खोल हाय, ठावं हाय का तुमाला? कुणाला ठावं हाय?”

आणि इथं इरम्माच्या डोळ्यांपुढं तो दिवस आला.

बाप्ये कुणी नव्हते. ओढ्याला पाणी, जंगम पलीकडं अडकलेले. गड्याला हात लावू द्यायचा नाही म्हणून तिनंच अंगणाच्या डाव्या अंगाला खुरप्यानं सुरुवात केली, मग फावडं घेतलं. पाऊस खड्ड्यात शिरत होता. खाली मुरूम लागला, फावडं खण्णकन् उडालं, मनगटात कळ गेली. नातीला मांडीवर घेऊन ती त्या चिखलात बसली होती. हे सगळं तिनं आजवर गिळलं होतं, कारण विचारणारं कुणी नव्हतं, आणि विचारलं असतं तर सांगितलंही नसतं. पण या घरात जो तो त्या पायरीच्या दगडासाठी भांडतोय, हे बघून तिच्यानं राहवेना.

“गुडघाभर,” इरम्मा म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले.

“गुडघाभर खणलं मी. त्याच्या खाली मुरूम हाय, मला फुटला न्हाय. तुमच्या सायबाची चर तिच्यातनं जाईल, बाजूनं न्हाय.” तिनं नवऱ्याकडं बोट केलं. या बोटानं ती फक्त गड्यांना आणि वासरांना दटावायची. “आन तिला बसवता आली न्हाय मला. मान धरत न्हवती पोरगी अजून. कशी बसवू? झोपवली कुशीवर, पडवीकडं डोस्कं करून. तुमच्या बापाला बसवायला धा माणसं होती. तिला मी एकटी होते.”

“अगं, तू सुदिक?” महालिंगप्पा म्हणाले.

“मी सुदिक.”

“लग्न हाय म्हणून तूच मगाशी…”

“मगाशी म्हणलं. आता न्हाय म्हणत.” इरम्मा बाजेवर जाऊन बसली, सून जिथून उठली होती त्याच जागेवर, आणि पाटावरची अर्धी राहिलेली वळी तिनं रागारागानं पुढं घासायला घेतली. तिच्या हातानं ती जाड आणि वाकडीतिकडी सुटत होती.

* * *

दुपार कलली. दस्तगीरसाहेब पडवीत चहा प्यायले, आणि दोनदा सूर्याकडं बघून गेले. मल्लिकार्जुन पेवाच्या कडेला बसून काडीनं जमीन उकरत होता. महालिंगप्पा गद्दुगीच्या चौथऱ्यावर बसले होते. त्यांना पाझर वगैरे काही फुटला नव्हता. ते आलटून पालटून मनात दोन गोष्टी बघत होते. जिनिंगवाल्याच्या माडीवर दिवा लागलाय आणि आपल्या मांडवात सोलापूरचे व्याही कंदिलाची काच पुसून बघतायत. आणि दुसरी, गावातली माणसं गद्दुगीला हात जोडायला येतायत आणि समोर पायरीच नाही.

“साहेब,” ते शेवटी म्हणाले, “पायरी उचलली तर काम झाल्यावर परत बसवायची ना?”

“नाही सेठ. दगड केबलवर नाही ठेवता येणार.”

“देवाची हाय.”

“माझ्या हातात असतं तर… पण नाही येणार. दुसरं कुठं ठेवा.”

महालिंगप्पा उठले. “बलभीम, पहार.”

बलभीमानं पहार आणली आणि पायरीपाशी आल्यावर तिथंच टेकवून मागं सरकला. “धनी, मला लावू नका त्याला हात. माझी लेकरंबाळं हायती.”

“लेकरंबाळं हायती याला पन!” महालिंगप्पांनी पहार हिसकली. त्यांनी आधी वाकून पायरीला नमस्कार केला, मग पहारीचं टोक सांध्यात घातलं आणि सगळं अंग टाकलं. दगड हलला नाही. मल्लिकार्जुन धावला. बापानं त्याला कोपरानं ढकललं, आणि दुसऱ्या दमाला मात्र ढकललं नाही. दगड निघाला तेव्हा त्याच्याखाली पांढऱ्या मुंग्या आणि कुणी कधी ठेवलेली सुकलेली बेलाची पानं होती.

मग गडी कामाला लागले. चर उजव्या अंगानं, नवीन दोरीबरोबर, सरळ निघाली. दस्तगीरसाहेब सळई घालत पुढं पुढं जात होते. गद्दुगीच्या समोर सळई थांबली.

“इथं चार बोटं कमी आहे.”

“चार बोटांनी काय होतंय?”

“अडीच फूट म्हणजे अडीच फूट, सेठ.”

महालिंगप्पा चरीत उतरले. बलभीम म्हणाला, “धनी, मी…” पण त्यांनी ऐकलं नाही. बापाच्या डोक्यावरची ती चार बोटं माती त्यांनी स्वतः काढली, कुदळीच्या प्रत्येक घावाला शिवी देत. कुणाला, ते कळत नव्हतं. धोतर लाल मातीनं भरलं. विभूती घामानं वाहून गेली. सळई पुन्हा घातली, पुन्हा बघितली, आणि दस्तगीरसाहेबांनी मान हलवली.

“ठीक. मुआयना झाला. आता वाळू.”

चरीत उभ्या उभ्या महालिंगप्पांनी अंगणाच्या पलीकडं बघितलं. गंगम्मा पडवीच्या खांबाशी उभी होती. आज ती थेट बोलली होती, तर त्यांनीही मधे कुणाला घेतलं नाही.

“लगीन झालं की तुमची चूल येगळी,” ते म्हणाले. “थोरल्याची आन तुझी. माझ्या घरात मला न्हाय म्हणणारी मानसं नकोत.”

इरम्मा “अहो…” म्हणाली. शंकरप्पानं मान खाली घातली नाही, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“चालंल,” गंगम्मा म्हणाली.

“काय चालंल?”

“येगळी चूल. पर वाटणीत ही डावी बाजू आमाला पायजे. भिंतीसकट.”

“मीटर उजवीकडं लागतंय. तार इकडं. डावीकडं तुला दिवा मिळायचा न्हाय.”

“राहू द्या की तुमच्याकडं. कंदील हाय मला.”

महालिंगप्पांनी चरीतून बाहेर पडायला हात पुढं केला. मल्लिकार्जुनानं तो धरला.

ओली वाळू चरीत पडायला लागली, आणि सगळे तिकडं बघत होते. शंकरप्पा कुठं गेला हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तो पायरीच्या दगडापाशी वाकला होता. दगड मोठा होता, एकट्यानं उचलायचा नव्हता. त्यानं तो छातीशी घेतला, पाय फाकवून, डुलत डुलत, पेवाला वळसा घालून अंगण ओलांडलं. श्वास घशात अडकून त्याचा आवाज येत होता. बाजेपाशी आला. इरम्मानं उठून बाज बाजूला ओढली. तो वाकायला लागला आणि दगड सारवलेल्या जमिनीच्या मधोमध टेकवणार, तेवढ्यात गंगम्मा धावत आली आणि तिनं पीठ वाळलेल्या हातानं त्याचा दंड धरला.

“तिच्या अंगावर नको,” ती म्हणाली. “उशाला ठेवा.”